जादा सॉफ्टवेअर न घेता नको त्या वेबसाइट कशा बंद कराव्यात

ब्राउझरमध्ये वेबसाइटचं नाव टाकलं की संगणक त्या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकड्यांतला पत्ता, शोधतो. इंटरनेटवर विचारण्याआधी तो स्वतःकडची ‘होस्ट्स’ नावाची छोटी फाइल बघतो आणि तिथे पत्ता सापडला तर तोच खरा मानतो. नको त्या साइटसाठी या फाइलमध्ये कुठेही न पोहोचणारा पत्ता लिहून ठेवायचा, एवढीच ही युक्ती. विंडोज १० आणि ११ मध्ये ती अशी करा.

१. स्टार्ट मेन्यूत नोटपॅड शोधा, त्यावर राइट-क्लिक करा आणि ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. नोटपॅड साधंच उघडलं तर फाइल दिसते, पण बदल सेव्ह होत नाहीत.

२. ‘फाइल’मधून ‘ओपन’ घ्या. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी असं क्रमाने आत जा. फोल्डर रिकामं दिसलं तर घाबरू नका. होस्ट्सच्या नावाला एक्स्टेन्शन (फाइलचा प्रकार सांगणारी नावामागची शेपटी) नाही आणि नोटपॅड आधी फक्त टेक्स्ट फाइली दाखवतं. खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. बदल करण्याआधी मूळ फाइलची प्रत दुसरीकडे ठेवाच.

३. शेवटी नव्या ओळी लिहा. अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीच हवेत. इथे फक्त मांडणी दाखवली आहे:

०.०.०.० एक्झाम्पल.कॉम
०.०.०.० डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम

पत्ता आणि नाव यांच्यामध्ये एक स्पेस. ‘एचटीटीपीएस’ नको, तिरकी रेघ नको. दोन ओळी लागतात, कारण ही फाइल प्रत्येक नाव वेगळं मानते. मोबाइलसाठी त्या साइटचं ‘एम’ने सुरू होणारं नाव असेल तर तिसरी ओळ घाला. ताऱ्याचं चिन्ह टाकून सगळी उपनावं एकदम अडवता येत नाहीत.

४. कंट्रोल-एस दाबून सेव्ह करा. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. ‘सेव्ह अ‍ॅज’ वापरलं तर नोटपॅड नावाला ‘.टीएक्सटी’ जोडू शकतं. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे नाव बरोबर दिसतं, पण संगणक ती फाइल वाचतच नाही. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू करून खात्री करा.

५. संगणकाने लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसायला स्टार्ट मेन्यूतून कमांड प्रॉम्प्ट उघडा. त्यात ‘आयपीकॉन्फिग’, स्पेस, तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘फ्लशडीएनएस’ असं लिहून एंटर दाबा. मग ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. नुसता टॅब बंद करून भागत नाही.

साइट पुन्हा हवी असेल तर ओळ पुसू नका, सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका. तेवढ्याने ती ओळ निकामी होते.

मुलांसाठी हे करत असाल तर त्यांना स्टँडर्ड खातं द्या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं हातात असलं की हीच फाइल उघडून ती ओळ काढून टाकणं दोन मिनिटांचं काम आहे. ब्राउझरला जोडलेलं प्रॉक्सी किंवा व्हीपीएन एक्स्टेन्शनही (दुसऱ्या सर्व्हरमार्फत साइट उघडून देणारं छोटं साधन) हा अडसर ओलांडू शकतं, कारण नावाचा पत्ता मग दूरचा सर्व्हर शोधतो.

शिवाय हा उपाय त्या एकाच संगणकापुरता. घरातले फोनही आवरायचे असतील तर राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, बदला. क्लाउडफ्लेअर या कंपनीचे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे डीएनएस पत्ते प्रौढांसाठीच्या आणि घातक साइट अडवतात. राउटरवर आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर तिथलाही डीएनएस बदलावा लागतो, नाहीतर उपकरणं त्या वाटेने जुन्याच सर्व्हरला विचारत राहतात.