फोनवरचा पेशंट : नव्या सिस्टरांना मी कसं शिकवते

यवतमाळकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी आरोग्य सहाय्यिका आहे. नवीन एएनएम, म्हणजे गावातली सिस्टर, फोनवर घाबरली की लगेच म्हणते, "दवाखान्यात घेऊन या." पण नाल्याला पूर असला की नुसतं एवढं सांगून त्या घराचं भागत नाही.

सराव करताना दोघींना वेगळ्या खोल्यांत बसवा. एक आई, दुसरी सिस्टर. आईचं पहिलं बोलणं मधे तोडायचं नाही. मग वय, गाव आणि "पेशंटजवळ कोण आहे?" रेंजसाठी अंगणात आलेल्या काकाला काय दिसणार? फोन आईच्या हाती द्यायला लावा.

"बाई, लेकराले दम लागून रायला." हा दम आपण मोजायचा. लेकरू शांत असताना आईला सदरा वर करायला सांगा. पोट वर आलं की तिनं "हो" म्हणायचं. आपण घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजायचं, अर्ध्याची दुप्पट नाही. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरले तर श्वास जलद. लेकरू आजच तपासलं गेलं पाहिजे. छाती आत ओढली जात असेल, अंगावर पीत नसेल, झटका आला असेल किंवा उठवूनही उठत नसेल तर मोजत बसू नका, 108 बोलवा.

माझ्या हातून एकदा चूक झाली. पावसाळ्यात पहाटे फोन आला, "याचं पोट दुखून रायलं." मी अॅसिडिटीची गोळी सांगितली. मन लागेना, म्हणून दहा मिनिटांनी परत फोन केला. तेव्हा विचारलं, "रात्री खाली झोपले होते का? पापण्या उघडतात का नीट?" खालीच झोपला होता, आणि डोळे मिटत चालले होते. मण्यार, म्हणजे विषारी साप, चावली होती. तिच्या दाताची खूण बरेचदा दिसतही नाही. 108 वेळेत पोचली, तो वाचला. तेव्हापासून पहाटेच्या पोटदुखीला हे दोन प्रश्न मी पाठच करून घेते.

ठामपणा असा विचारून-विचारूनच येतो, हे मी पाहिलं आहे.

फोन ठेवण्याआधी समोरच्याकडून सगळं परत वदवून घ्या. वहीत वेळ, काय विचारलं, काय सांगितलं आणि परत फोन कधी करायचा, हे लिहा. शेवटचा रकाना कोरा असेल तर मी त्या सिस्टरला ड्युटी सोडू देत नाही.