पहिल्या ट्रायथलॉनची तयारी: मिरामारच्या पाण्यात उतरण्याआधी

गोव्याच्या आयर्नमन ७०.३ साठी नाव नोंदवलंय, पण याआधी एकही ट्रायथलॉन केलेली नाही, अशी माणसं पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात दरवर्षी भेटतात. ही यादी त्यांच्यासाठी. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ही शर्यत पहिल्यांदा पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली, करोनामुळे दोन वर्षं थांबली आणि २०२२ पासून पुन्हा सुरू झाली. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं, या सगळ्याची मैलांतली बेरीज ७०.३. हे तिन्ही खेळ सुटे सुटे बहुतेकांना जमतात. दमछाक होते ती त्यांच्या जोडांवर: पाण्यातून सायकलवर येताना, सायकलवरून उतरून धावताना, सकाळच्या गारव्यातून भर उन्हात शिरताना. म्हणून या जोडांबद्दल मी जास्त लिहिणार आहे.

हातात वेळ असेल तर सगळ्यात आधी एक छोटी शर्यत करून घ्या. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल आणि ५ किमी धावणं. ऑलिंपिक अंतर म्हणजे १.५ किमी, ४० किमी आणि १० किमी. कोल्हापूरसारख्या शहरांत या अंतरांच्या शर्यती होतात. दीड-दोन तासांच्या स्प्रिंटमध्ये पाण्यातली गर्दी, ओल्या अंगाने कपडे चढवणं, नंबर कुठे लावायचा हे सगळं एकदा अंगवळणी पडतं, आणि काही बिनसलंच तर घरी परतायला अख्खा दिवस उरतो. दुसरं काम डॉक्टरांकडे जाण्याचं. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कुणाला हृदयविकार असेल, तर सराव वाढवण्याआधी तपासणी करून घ्या आणि ‘साडेआठ तास सतत हालचाल करणार आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा.

आता पाणी. टँकमध्ये तळाची निळी रेघ दिसते, दर २५ मीटरला भिंत येते, आणि भिंतीला पाय लावून आपण नकळत विश्रांती घेतो. समुद्रात यातलं काहीच नाही. मांडवी नदीच्या मुखाजवळचं पाणी गढूळ असतं, स्वतःचा हातही नीट दिसत नाही. म्हणून टँकवरच काही सवयी लावून घ्या. दर सहा-आठ हातांनी, मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोरचा बोया, म्हणजे वाट दाखवणारा तरंगता गोळा, बघायचा आणि लगेच श्वास बाजूला घ्यायचा. दोन्ही बाजूंनी श्वास घेता आला पाहिजे, कारण लाट ज्या बाजूने येते तिकडे तोंड उघडलं की खारं पाणी आत जातं. दोन-तीन मित्रांना एकाच लेनमध्ये घेऊन मुद्दाम धक्के खात पोहा. पहिल्या दोनशे मीटरमध्ये छाती भरून येते, श्वास तोकडा पडतो. भल्याभल्या पोहणाऱ्यांचं असं होतं. त्या वेळी उताणं व्हायचं, दहा-बारा श्वास सावकाश सोडायचे आणि मग पुढे जायचं, हाही सरावाचाच भाग आहे. दमलात तर बचावपथकाच्या कयाकला, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीला, धरून थांबता येतं. तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही, एवढाच नियम.

शर्यतीआधी किमान काही वेळा तरी खऱ्या समुद्रात पोहा. मालवणला चिवला किनाऱ्यावर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा होते, तीही चांगली रंगीत तालीम ठरते. एकट्याने, होडी किंवा जाणता माणूस सोबत नसताना, समुद्रात, धरणात किंवा खाणीच्या पाण्यात उतरू नका. कमरेला बांधायचा भडक रंगाचा फुगा घ्या. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठेवा आणि मिरामारला एक दिवस आधी सरावाची वेळ दिली असेल तर ती चुकवू नका. गोव्याचं पाणी इतकं कोमट असतं की वेटसूटची, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी पोशाखाची, परवानगी मिळत नाही, म्हणजे त्याच्या तरंगण्याचा आधार धरायचा नाही. गॉगल दोन घ्या, त्यातला एक गडद काचेचा. मिरामारचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे परत किनाऱ्याकडे येताना कोवळं ऊन थेट डोळ्यांत येतं आणि बोया दिसेनासा होतो. त्यासाठी किनाऱ्यावरची एखादी उंच इमारत किंवा झाडांचा घोळका आदल्या दिवशीच हेरून ठेवा. मानेला आणि काखेत व्हॅसलीन भरपूर लावा. खाऱ्या पाण्यात घासलेली कातडी दुपारपर्यंत आग आग करते.

वेळेचं गणित कागदावर मांडा. पोहायला ७० मिनिटं, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेपाच तास आणि एकूण साडेआठ तास, अशी मर्यादा असते. त्या वर्षीच्या खेळाडूंसाठीच्या पुस्तिकेत ती पुन्हा तपासा. टँकमध्ये १०० मीटरला तीन मिनिटं लागत असतील तर १.९ किमीला ५७ मिनिटं होतात. उरलेली १३ मिनिटं लाटांना आणि वाट चुकण्याला. तासाभरात पाण्याबाहेर आलात आणि कपड्यांना दहा मिनिटं गेली, तर ९० किमीसाठी चार तास वीस मिनिटं उरतात, म्हणजे ताशी सुमारे २१ किमी. हा वेग साध्या रोड सायकलवर सराव करणाऱ्या माणसाच्या आवाक्यातला आहे. पहिल्या शर्यतीसाठी महागड्या सायकलीवर खर्च करू नका, असं माझं ठाम मत आहे. तो पैसा पोहण्याच्या प्रशिक्षकाला द्या.

सायकलचं बाकीचं लवकर आटोपतं. महिनाभर आधी सर्व्हिसिंग, चेन आणि टायर गरज असेल तर तेव्हाच बदला. शेवटच्या आठवड्यात नवं काही बसवू नका. ट्यूब बदलणं स्वतःच्या हातांनी, घड्याळ लावून, मागच्या चाकावर करून बघा, कारण शर्यतीत बाहेरच्या कुणाची मदत चालत नाही. गाडीतून नेताना पेडल काढाल तेव्हा डाव्या पेडलचा आटा उलटा असतो हे ध्यानात ठेवा. डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पट्टी घाला आणि ब्रेकची दांडी दाबू नका. टायरमध्ये हवा पूर्ण भरून सायकल आदल्या दुपारी उन्हात ठेवू नये. शर्यतीच्या पहाटे भरा. पुढच्या सायकलच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला राहणं निषिद्ध आहे. त्या सायकलच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटरचं अंतर ठेवायचं, आणि त्या अंतराच्या आत शिरलात तर २५ सेकंदांत पुढे निघायचं. आपण गटाने चालवतो, एकमेकांच्या चाकाला चिकटून. ती सवय महिनाभर आधीपासून मोडा.

खाणं-पिणं हा चौथा खेळच समजा, आणि त्याचाही सराव करा. सायकलवर तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट बहुतेकांच्या पोटाला झेपतं, पण सवय केली तर. पुडीतलं गोड, घट्ट जेल आवडत नसेल तर खजूर, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, राजगिऱ्याची चिक्की चालते. फक्त लांबच्या प्रत्येक सरावात तेच खा. घामाचं माप घरीच काढता येतं: तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा, जितकं कमी भरेल त्यात प्यायलेलं पाणी मिळवा. नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकं दुखून मळमळ सुरू होते. पाण्याबरोबर मीठही जाऊ द्या. आदल्या रात्री गोव्याच्या मासळीचा मोह होतो; तो शर्यतीनंतरच्या रात्रीसाठी राखून ठेवा आणि साधा वरणभात खा.

उन्हाची तयारी फार थोडे जण करतात. पुण्याचा सराव पहाटे पाचला, स्वेटर घालण्याच्या हवेत होतो, आणि गोव्यात धावणं सुरू होतं तेव्हा बारा वाजायला आलेले असतात. शरीराला उष्म्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. शेवटच्या तीन आठवड्यांत काही सराव जाणीवपूर्वक सकाळी उशिरा, टोपी घालून, सोबत पाणी घेऊन करा. चक्कर आली, घाम थांबला, अंगावर काटा आला तर तिथेच थांबा. मिरामारहून दोना पावलाकडे जाणारा रस्ता सपाट नाही, चढ लागतात, ते चालत चढायचं आधीच ठरवा. पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबा, बर्फ टोपीत घाला, मगच पुढे. आणि आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरल्या उतरल्या वीस मिनिटं धावा, ज्याला ब्रिक म्हणतात. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये मांड्या परक्या वाटतात, हे एकदा अनुभवलं की शर्यतीत घाबरायला होत नाही.

कपडे बदलण्याच्या जागेची, म्हणजे ट्रान्झिशनची, घरी अंगणात तालीम करा. सायकलसाठी निळी पिशवी, धावण्यासाठी लाल, घरच्या कपड्यांसाठी पांढरी. सायकल आणि पहिल्या दोन पिशव्या आदल्या दिवशी जमा कराव्या लागतात. निळीत हेल्मेट, बूट, मोजे, चष्मा, नंबर लावलेला पट्टा, छोटा टॉवेल. लालमध्ये धावण्याचे बूट, टोपी, सुके मोजे. वस्तू वापरण्याच्या क्रमाने भरा, शेवटची तळाशी. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि आखलेली रेघ ओलांडल्याशिवाय तिच्यावर बसायचं नाही. हे दोन नियम मोडले की दंड होतो. आपली सायकल कितव्या ओळीत आहे ते पाण्याकडून चालत येऊन मोजा, कारण पोहून आल्यावर शेकडो सायकली सारख्याच दिसतात. माझ्या पहिल्या शर्यतीत या चालत मोजण्यानेच सगळ्यात जास्त धीर दिला. डोकं भणभणत होतं, पण पाय आपोआप योग्य ओळीत वळले.

घरचं कुणी सोबत येणार असेल तर आई, दादा किंवा बायकोला आधीच सांगा की तुम्ही कुठे, साधारण किती वाजता दिसाल. त्यांनी पाणी किंवा केळं पुढे केलं तर नियमाने घेता येत नाही, हेही सांगा, नाहीतर दोघांनाही वाईट वाटतं. पहाटे पायाला वेळेची चिप बांधली का, ते दोनदा बघा.

शर्यत संपली की थोडं चाला, मीठ असलेलं काही प्या, सावलीत बसा. लघवी गडद तपकिरी झाली किंवा उलट्या थांबेनात, तर वैद्यकीय तंबूत जा, लाजू नका. सायकल त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने पुसून चेनला तेल द्या. खारा वारा दोन दिवसांत गंज चढवतो. आणि झोपण्याआधी वहीत लिहून ठेवा: प्रत्येक टप्प्याची वेळ, कितव्या तासाला काय खाल्लं आणि पोटाने काय म्हटलं, कुठे घासलं, पाण्यात घाबरायला झालं ते कुठल्या बोयापाशी, पिशवीतलं काय वापरलंच नाही. आठवडाभराने यातलं निम्मं आठवत नाही, आणि पुढच्या वर्षीचा सराव याच वहीवरून आखायचा आहे.