हा तर नुसता गोटाच आहे! नागपुरात मुलांना जीवाश्म आणि स्फटिक दाखवायचे कसे

मुलांना जीवाश्म दाखवायला नेण्याबद्दल जो सल्ला सगळीकडे मिळतो, त्यातला निम्मा टाकाऊ असतो. ‘डायनासोर बघायला जाऊ’ म्हणून आदल्या दिवसापासून हवा करा, प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून दाखवा, प्रश्नांचे कागद छापून हातात द्या. यातलं काहीही केलं की मूल पंधरा मिनिटांत दाराकडे बघायला लागतं आणि मोठी माणसं म्हणतात, आजकालच्या मुलांना एका जागी लक्षच देता येत नाही. लक्ष देता येतं. कशाकडे बघायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

जागा निवडणं सोपं आहे. सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे आणि त्यांचं खडक, खनिजं, जीवाश्म यांचं संग्रहालय आहे. या विषयासाठी तीच पहिली पसंती. मात्र ते मुळात सरकारी कार्यालय, त्यामुळे शनिवार-रविवार उघडं असेलच असं धरून निघू नका, आधी फोन करून परवानगी आणि वेळ विचारा. सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, म्हणजे 1863 सालचं मध्यवर्ती संग्रहालय, आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तिथे पेंढा भरलेले प्राणी शेवटी बघायचे. आधी बघितले तर दगडांच्या वाट्याला काही उरत नाही. हेच रामन विज्ञान केंद्रातल्या डायनासोरच्या पुतळ्यांना लागू आहे. पुतळे छान आहेत, पण ते दुसऱ्या दिवशी. रंगवलेला, दात दाखवणारा डायनासोर पाहून आलेल्या पोराला राखाडी हाडाचा तुकडा कशाला आवडेल?

सकाळी जा, तर्री पोहे खाऊन जा, पाणी बरोबर ठेवा. उन्हाळ्यात दुपारी जायचा विचारही नको. पिशवीत एक भिंग, एक वही, दोन पेन्सिली. बस.

आत शिरण्याआधी एक चाल चालायची. ‘साडेसहा कोटी वर्षांपूर्वी’ हे शब्द मुलांच्या डोक्यावरून जातात. खरं तर आपल्याही जातात, आपण फक्त मान डोलावतो. म्हणून आवारात किंवा बाहेरच्या पदपथावर एक पाऊल म्हणजे आजपासून दहा लाख वर्षं मागे असं ठरवा आणि मुलाला मोजत चालू द्या. एका पावलाचा तिसरा हिस्साही पूर्ण होत नाही, तोवर आपल्यासारखी माणसं संपतात. ती सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीची. मग कितीतरी पावलं माणसांशिवायची. साधारण 66 व्या पावलावर डायनासोर नाहीसे होतात आणि त्याच सुमाराला दख्खनवर लाव्हाचे थर पसरत असतात. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड हा त्याच लाव्हाचा. कामठीच्या वालुकाश्मात ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडाची जी पानं सापडतात, त्यांच्यासाठी अडीचशे पावलं चालावी लागतात, तेव्हा जागा कमी पडली तर मागे फिरून चकरा मारा. शेवटी विचारा, या मापात अजब बंगल्याचं वय केवढं? मुलं कुठली तरी वीत दाखवतात. हिशेब केला तर एका केसाच्या जाडीएवढं येतं.

आता खरी अडचण. काचेच्या पेटीपाशी मूल दोन सेकंद थांबतं आणि म्हणतं, “हे तं नुसता गोटाच आहे नं!” इथेच माझी सगळ्यात जास्त दमछाक व्हायची. बहुतेक पालक इथे घाईने दोन गोष्टी करतात. एक तर ‘अरे, हे डायनासोरचं हाड आहे!’ म्हणून आवाज चढवतात, नाहीतर ‘चल, पुढे मोठं काहीतरी असेल’ म्हणून सरकतात. दोन्ही चूक. मूल खरं बोललेलं असतं: तो गोटाच आहे. ते मान्य करा. म्हणा, “हो, गोटाच आहे. मग याला काचेत कशाला ठेवला असेल?” आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. पाटी वाचायची नाही, जमलं तर तिच्यासमोर हात धरायचा. पाटी वाचली की नाव कळतं, आणि नाव कळलं की बघणं संपतं.

मग उजेड. बहुतेक जीवाश्म समोरून पडणाऱ्या दिव्यात सपाट दिसतात, पानाच्या शिरा तर दिसतच नाहीत. मोबाइलची बॅटरी काचेला अगदी टेकवून, बाजूने, जवळजवळ आडवी धरा. सावल्या पडतात आणि शिरा उठून येतात. समोरून उजेड मारलात तर काचेत तुमचाच चेहरा दिसेल. आधी तिथल्या माणसाला विचारून घ्या. नीट विचारलं तर ते नाही म्हणत नाहीत, उलट कुठलं दालन आधी बघा तेही सांगतात.

त्यानंतर तीन प्रश्न, याच क्रमाने. यावर नक्षी आहे का, आणि ती पुन्हा पुन्हा येते का? नक्षीतला दगड आणि भोवतालचा दगड सारखाच दिसतो का? यातला कुठला भाग हरवलाय? तिसऱ्या प्रश्नाला मुलं पेटतात. अर्धवट गोष्ट पूर्ण करण्याची त्यांना भारी हौस असते.

दगड झालेलं लाकूड असेल तर आणखी सोपं. सागाच्या ओंडक्यावर कडी दिसतात, हे विदर्भातल्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही. ताडाच्या आडव्या कापावर कडी नसतात, ठिपके असतात. आपल्याकडच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात ताडवर्गातल्या झाडांचे जीवाश्म बरेच सापडतात. पेटीतल्या तुकड्यावर भिंग धरायला लावा, ठिपके की कडी ते मोजायला लावा. मूल स्वतः ‘हे ताडासारखं आहे’ म्हणालं की मगच पाटी वाचू द्या.

‘मग हे हाड आहे की दगड?’ हा प्रश्न येणारच, आणि ‘दोन्ही’ असं म्हणून सुटका करून घेऊ नका. जुन्या वाड्याची एकेक वीट काढून तिच्या जागी दगड बसवत गेलं, तर शेवटी वाडा तोच दिसतो पण वीट एकही उरत नाही. बऱ्याच जीवाश्मांचं असंच काहीसं होतं. गाळात पुरलेल्या हाडात किंवा लाकडात पाणी झिरपतं, पाण्यातली खनिजं आतल्या बारीक पोकळ्या भरतात, कधी मूळ पदार्थाची जागाही घेतात. घाटच तेवढा राहतो. सात वर्षांच्या मुलाला हे कळतं. त्याच्या आजोबांना समजवायला जास्त वेळ लागतो.

डायनासोरचं काय? ते हवेतच, पण आपल्या भागातले. टी-रेक्स उत्तर अमेरिकेचा, तो भारतात सापडलेला नाही, हे पहिल्यांदा स्वच्छ सांगून टाका. त्याऐवजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची गोष्ट सांगा. तिथे लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या एका अजस्र डायनासोरचा सांगाडा मिळाला, 1997 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि आज त्याला आयसीसॉरस म्हणतात. सांगाड्यासोबत डोकं मिळालेलं नाही. ‘डोकं कुठे गेलं असेल?’ यावर घरी पोचेपर्यंत गाडीत वाद चालतो.

आणि ज्या गोष्टीने एकही मूल कंटाळलेलं मी पाहिलं नाही, ती म्हणजे शेण. त्याच जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. त्यांच्यात गवताचे सूक्ष्म कण मिळाले आणि 2005 साली ते प्रसिद्ध झालं. तोपर्यंत डायनासोरांच्या काळात गवत होतं यावर फारसं कुणाचा विश्वास नव्हता. दगड झालेल्या शेणाने पुस्तकं बदलली! पोट धरून हसून झालं की मुलं विचारतात, हे शेणच आहे हे कळलं कसं. संग्रहालयात असा नमुना आहे का, हे लाज न बाळगता विचारा.

ग्लॉसॉप्टेरिसचं पान दिसलं तर आणखी एक गोष्ट राखून ठेवा. दक्षिण ध्रुवावरून परतताना 1912 साली कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार मेले. त्यांच्या सामानात सुमारे 16 किलो दगड निघाले. उपाशी, थकलेले असूनही त्यांनी ते टाकले नव्हते, आणि त्यांत याच झाडाच्या पानांचे ठसे होते. कामठीतलं झाड अंटार्क्टिकावर कसं, याचं उत्तर लगेच देऊ नका. नकाशा घरी आहे, भारत आणि अंटार्क्टिका एकेकाळी जोडलेले होते हे त्यावर दाखवा.

एका फेरीत तीन-चार नमुने खूप झाले. प्रत्येकाचं चित्र वहीत काढायचं, फोटो नाही. फोटो काढला की मूल पुढे जातं. चित्र काढायला घेतलं की त्याला पुन्हा पुन्हा मान वर करून बघावं लागतं. बाकीच्या पेट्या राहिल्या तर राहू द्या. सगळं बघून झालंच पाहिजे हा हट्ट मोठ्यांचा असतो.

स्फटिकांना मदत लागत नाही, ते स्वतःच मुलांना ओढून घेतात. फक्त बाजू मोजायला लावा: गारगोटीच्या स्फटिकाला सहा बाजू, लहान असो की मोठा. अभ्रकाचे पापुद्रे दाखवा, आणि मँगनीजचे काळे जड दगड दाखवताना मनसर आणि गुमगावच्या खाणींचं नाव घ्या, रामटेकला जाताना मनसर लागतंच. काळ्या दगडातल्या पोकळीत पांढरे-हिरवट स्फटिक दिसले, तर त्या पोकळ्या म्हणजे लाव्हातले वायूचे बुडबुडे, आणि स्फटिक मागाहून झिरपलेल्या पाण्यातून तयार झालेले. असे नमुने भरभरून बघायचे असतील तर पुढच्या सुट्टीत सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठा.

विकत घेताना सांभाळा. गडद गुलाबी किंवा मोरपंखी निळा अकीक (अॅगेट) बहुतेक वेळा रंगवलेला असतो. मुलाला हवाच असेल तर घ्या, पण रंगवलेला आहे हे सांगून घ्या. ‘हा दगड ऊर्जा देतो’ म्हणणाऱ्या दुकानातून मात्र काढता पाय घ्या.

घरी आल्यावर तुरटी. कपभर गरम पाण्यात विरघळेल तेवढी कुटलेली तुरटी घाला, गाळून घ्या, त्यात दोऱ्याला बांधलेला तुरटीचा बारीक खडा लोंबता सोडा आणि वर कागद झाका. पाणी जितकं सावकाश निवेल आणि आटेल, तितका स्फटिक मोठा आणि सरळ कडांचा होईल. फ्रीजमध्ये ठेवलंत तर बारीक भुगा मिळेल. खडा विरघळून नाहीसा झाला तर पाण्यात तुरटी कमी पडली, आणखी घालून पुन्हा करा. भांडं पंख्याखाली नको आणि आजीच्या पूजेच्या ताम्हणाशेजारी तर नकोच, कुणीतरी ते उचलून ओतून देतं.