जुना टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ रेकॉर्ड प्लेयर घरी आणल्यावर आर्म कसा लावायचा

ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स हे नाव १९६५ मध्ये आधी एका स्पीकरला दिलं. १९७० मध्ये एसपी-१० हा रेकॉर्ड प्लेयर आला. त्यात पट्टा नाही, रबरी चाक नाही, मोटरच थेट प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची तबकडी) फिरवते. तेच तंत्र १९७२ मध्ये एसएल-१२०० मध्ये उतरलं. १९७९ च्या एमके२ मध्ये वेगावर क्वार्ट्झ स्फटिकाचं नियंत्रण आणि पुढे-मागे सरकणारा पिच, म्हणजे वेग किंचित कमी-जास्त करायची कळ, आली. २०१० मध्ये उत्पादन थांबलं, २०१६ मध्ये ही मालिका पुन्हा बाजारात आली. एमके२ची मोटर सहसा दगा देत नाही. आवाज बिघडला तर आधी आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, तपासा.

पण प्लग लावण्याआधी मागची पट्टी वाचा. जपानी बाजारासाठी बनलेलं मशीन १०० व्होल्टचं असतं, ते आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं तर जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. मशीन १३.५ वॅटच खातं, त्यामुळे ५० व्हीएचा पुरतो. वेग क्वार्ट्झवर ठरत असल्याने ५० की ६० हर्ट्झ याची चिंता नको.

प्लॅटर त्याच्या दोन भोकांत बोटं घालून सरळ वर उचला. खालचं चुंबक हा मोटरचाच भाग आहे, त्याला लोखंडाचा कीस चिकटू देऊ नका.

आता कार्ट्रिज, म्हणजे सुई असलेला भाग. वायरी जोडताना डावा चॅनेल पांढरी (+) आणि निळी (−), उजवा लाल (+) आणि हिरवी (−). कार्ट्रिज ज्यावर बसतं त्या हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिमी हवेत. स्क्रू कायमचे आवळण्याआधी पट्टीने मोजा आणि कार्ट्रिज वाकडं बसलेलं नाही ना, तेही बघा.

वजन लावताना अँटी-स्केटिंग (सुई आत ओढली जाऊ नये म्हणून असलेली कळ) शून्यावर ठेवा, सुईचं टोपण काढा आणि मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत आणा. मग वजन न हलवता फक्त पुढची आकड्यांची कडी शून्यावर आणा. यानंतर अख्खं वजन फिरवा, कडी त्याच्यासोबत फिरेल. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला २ ग्रॅम लागतात. नेमकी इथेच गफलत होते: कडी आणि वजन सुरुवातीपासून एकत्र फिरवलं, की आकडा २ दाखवतो आणि सुईवर भार भलताच पडतो. कमी वजनाने रेकॉर्डची झीज टळते असं समजू नका. सुई खोबणीत उड्या मारते आणि तीच जास्त कापते. अँटी-स्केटिंगही त्याच आकड्यावर ठेवा.

आर्मच्या उंचीसाठी आधी आर्मचा लॉक सोडा, मगच आर्मच्या तळाची कडी फिरवा. जोर लावून फिरवल्याने ती अडकलेली अनेक जुन्या मशीनांत दिसते. रेकॉर्डवर सुई टेकली असताना आर्म रेकॉर्डला समांतर दिसला पाहिजे.

बेअरिंग तपासायला आर्म पुन्हा तरंगता करा आणि अँटी-स्केटिंग शून्यावरून थोडंसंच वाढवा. आर्म आपोआप बाहेर सरकला तर ठीक. अडखळला किंवा हेडशेल हलवताना मागे खुळखुळ जाणवली, तर विकत घेताना भाव पाडायला हे कारण पुरेसं आहे.

पिच शून्यावर असताना फिरत्या प्लॅटरच्या कडेचे सर्वांत मोठे ठिपके स्थिर दिसले पाहिजेत.

सुतासारखी बारीक अर्थ वायर फोनो प्रीअँपच्या (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राच्या) स्क्रूला जोडा, नाहीतर घूं असा आवाज येत राहील. जोडूनही तो गेला नाही तर आरसीए केबल (आवाज वाहून नेणारी) जिथे मशीनमधून बाहेर पडते तिथे ती तुटली आहे का पाहा.