बीपीचा पट्टा मनगटावर बांधलाय? मग या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात, कापसाची वेचणी जोरात असताना एक काका आमच्या उपकेंद्रात आले. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव, वस्ती हजार-बाराशेची. काकांच्या मनगटावर काळा पट्टा, बीपी उतरवण्यासाठी विजेचे सौम्य ठोके देणारा, आणि त्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा. बीपी घेतलं तर १७८/१०४.

"काका, गोळी घेतली का आज?"

"गोळ्या बंद केल्या ना जी मॅडम, वीस दिस झाले. हा पट्टा हाय नं आता."

नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलानं तो ऑनलाइन मागवून दिला होता, बापाची काळजी होती म्हणूनच. काकांनी बंडीच्या खिशातून अॅम्लोडिपिनची, म्हणजे त्यांच्या बीपीच्या गोळीची, स्ट्रिप काढून दाखवली. दहापैकी सात गोळ्या जशाच्या तशा. त्यांचं एकच म्हणणं होतं, "पह्यले तीन दिस तं बीपी बराबर होतं!"

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: गोळी सोडणं

त्या तीन दिवसांचं श्रेय पट्ट्याचं नव्हतं. अॅम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश जातं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणून गोळी सोडल्यावर दोन-चार दिवस बीपी ठीक दिसतं आणि मग हळूहळू चढत जातं. नेमक्या त्याच दिवसांत नवा पट्टा हातावर असतो, त्यामुळे माणूस फसतो. काही गोळ्यांचं तर याहून वाईट आहे. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन एकदम बंद केलं तर बीपी उसळून आधीपेक्षाही वर जाऊ शकतं, छातीत दुखू शकतं.

हे पट्टे म्हणजे निव्वळ थोतांड नाही. रक्तदाब कमी-जास्त करण्याचं काम मेंदू नसांमार्फत करतो. इथे नस म्हणजे मज्जातंतू, रक्ताची नळी नव्हे. मनगटातल्या मेडियन नसेला किंवा मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेच्या कानात येणाऱ्या फांदीला विजेचे सौम्य ठोके दिले, तर मेंदू हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना थोडं सैल सोडतो, ही त्यामागची कल्पना. छोट्या अभ्यासांत काही लोकांचं बीपी थोडं उतरलेलंही दिसलं आहे. पण अशा पट्ट्यानं लकवा किंवा हार्ट अटॅक टळतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. गोळ्यांनी टळतो, हे झालेलं आहे. म्हणून पट्टा वापरायचाच असेल तर गोळीच्या जोडीला वापरा. आणि डोस कमी करायचा की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

आकडा उतरला, म्हणजे पट्ट्यानंच उतरला असं नाही

२०१४ साली अमेरिकेत ५३५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल आला. त्यात पट्टा नव्हता, तर बीपी उतरवण्यासाठी किडनीकडे जाणाऱ्या नसा बारीक नळीनं आतून निकामी करण्याचा उपचार होता. काहींवर तो खरोखर केला, काहींवर केल्यासारखं फक्त दाखवलं. सहा महिन्यांनी खऱ्या उपचाराच्या गटाचं वरचं बीपी सरासरी १४ नं उतरलं होतं आणि खोट्या उपचाराच्या गटाचंही जवळपास १२ नं! आपल्यावर काहीतरी उपचार चाललाय, कुणीतरी लक्ष देतंय, एवढ्यानंही माणूस गोळ्या वेळेवर घेतो, खाण्यापिण्याला जपतो. (तो उपचार पुढे सुधारला आणि २०२३ मध्ये त्याला तिथे मान्यताही मिळाली, हे सांगायलाच हवं.)

आपल्याकडे त्यात ऋतूची भर. बीपी थंडीत चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं. पौषात घेतलेला पट्टा वैशाखात, पारा ४५ वर असताना, फार गुणकारी वाटू लागतो. त्या दिवसांत घाम भरपूर जातो, त्यातच लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उठताना भोवळ येते. अशी भोवळ आली तर पट्टा काढा, पाणी प्या, बीपी मोजून घ्या आणि डॉक्टरांना भेटा.

जागा चुकली की सगळंच चुकलं

काका पट्टा घड्याळासारखा बांधत होते, यंत्र मनगटाच्या पाठीवर. काही जण ते अंगठ्याच्या बाजूला, नाडी लागते तिथे ठेवतात. मेडियन नस मात्र मनगटाच्या आतल्या बाजूला, मधोमध असते. तळहात वर करा, मूठ घट्ट वळून मनगट किंचित आत वाकवा, म्हणजे मध्ये दोन दोऱ्या उठून दिसतात. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं सोडून, त्या दोन दोऱ्यांच्या मधे धातूचा भाग टेकला पाहिजे. मुंग्या तळहातात आणि अंगठा, तर्जनी, मधल्या बोटात आल्या की जागा बरोबर. करंगळीत आल्या तर पट्टा सरकला आहे.

असेच ठोके देणारी कानाची क्लिपही मिळते. तिची गंमत अशी, की बहुतेक जण ती डूल घालतो त्या पाळीला लावतात. संशोधक खोटा उपचार द्यायचा असतो तेव्हा मुद्दाम पाळीलाच क्लिप लावतात, कारण व्हेगसची फांदी तिथे जवळपास नसतेच! क्लिप कानाच्या भोकासमोरच्या छोट्या कडक उंचवट्याला किंवा आतल्या खोलगट भागाला लागते, आणि साधारणपणे डाव्या कानाला. आपल्या यंत्राच्या पत्रकात काय सांगितलंय, तेही बघा.

मानेला मात्र यातलं काहीही लावू नका, कंबरदुखीवर विजेचे ठोके देणारं टेन्स मशीनसुद्धा नाही. गळ्याच्या बाजूला दाब आला किंवा वीज गेली तर बीपी आणि ठोके एकदम खाली येऊन माणूस कोसळू शकतो.

चुणचुण, डाग, मुंग्याच न येणं

वेचणीच्या दिवसांत हात बोंडांनी ओरखडलेले असतात, कातडी कोरडी पडलेली असते. जेलची चकती वाळली किंवा तिच्यावर धूळ बसली की वीज सगळीकडे सारखी जात नाही, एकाच ठिकाणी टोचते. मुंग्या येत नाहीत म्हणून माणूस पॉवर वाढवतो आणि तिथंच भाजल्याचा डाग पडतो. आधी मनगट साबणानं धुऊन कोरडं करा. तेल किंवा क्रीम लावू नका. चकती वाळली असेल तर बदला. जखमेवर पट्टा नको. बायांनी त्या हातातल्या पाटल्या-बांगड्या काढून ठेवाव्यात. आणि चार्जिंगला लावलेलं यंत्र अंगावर ठेवू नका, आपल्याकडे लाइन कशी येते-जाते ते ठाऊकच आहे.

बीपी मोजतानाच्या चुका

पट्टा चालू ठेवून त्याच हाताला बीपी मशीनचा कफ (फुगणारी पट्टी) बांधला, तर स्नायूंच्या थरथरीनं आकडा बिघडतो. आधी पट्टा बंद करा. खर्रा किंवा चहा झाल्यावर अर्धा तास थांबा. तंबाखूनं बीपी लगेच चढतं. लघवी करून या, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा. कफ उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत हवा. मनगटी मशीन मांडीवर हात ठेवून वापरलं तर आकडा फसवा येतो. हात हृदयापेक्षा १० सेंटीमीटर खाली असेल, तर बीपी सात-आठनं जास्त दिसतं. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ लिहिलेली वही डॉक्टरांना दाखवा. घरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर ते जास्तच आहे.

कुणी न विचारता लावू नये, आणि घेताना काय बघावं

पेसमेकर असलेल्यांनी, ठोके अनियमित असलेल्यांनी, फिट येणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वापरू नये. बाजारात मिळणारं चुंबकाचं किंवा तांब्याचं कडं यात मोडतच नाही, त्यात वीजच नसते.

"बीपी कायमचं बरं" असं छापलेलं दिसलं तर घेऊ नका. औषधं आणि जादूच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे. ज्या आजारांवर बरं करण्याची जाहिरात करायला त्यात बंदी आहे, त्या यादीत रक्तदाबही आहे. खोक्यावर वैद्यकीय उपकरणाचा लायसन्स नंबर आहे का, तेही बघा. पैसे कमी पडत असतील तर हजारोंचा पट्टा घेण्याआधी उपकेंद्रात या. बीपी तपासणी आणि गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात.

बीपी १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं किंवा अंधूक दिसणं यातलं काहीही असेल, तर पट्टा लावून वाट बघत बसू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा.