ट्रान्सिव्हरचा बोर्ड जोडताना: आधी नावं, मग वायरी

ट्रान्सिव्हरचा, म्हणजे संदेश घेणाऱ्या आणि पाठवणाऱ्या रेडिओचा, तयार बोर्ड हातात आला की बहुतेक जण त्याच संध्याकाळी सोल्डरिंग आयर्न तापवतात. ‘लाल प्लस, काळी मायनस, बाकीचं बघून जोडायचं’ असा सल्ला देणारा जाणकारही आसपास असतोच. बोर्ड जळतात ते या ‘बाकीचं बघून’मुळे. लाल-काळीत सहसा कोणी चुकत नाही.

इथे डोळ्यांसमोर बिटएक्स४० आहे: हैदराबादच्या अश्हर फरहान यांच्या आराखड्यावरचा, ७ मेगाहर्ट्झवर एसएसबी (एकाच साइडबँडवर आवाज पाठवण्याच्या) पद्धतीने बोलणारा, सातेक वॅटचा बोर्ड. शेवटच्या टप्प्यात आयआरएफ५१० हा ट्रान्झिस्टर, आणि फ्रिक्वेन्सी सांभाळायला रॅडुइनो नावाचा छोटा बोर्ड, त्यावर आर्डुइनो नॅनो हा मायक्रोकंट्रोलर व फ्रिक्वेन्सी तयार करणारी एसआय५३५१ ही चिप. तुमचा बोर्ड दुसरा असला तरी काही बिघडत नाही. कनेक्टरचा घोळ सगळीकडे तोच आहे.

सामान

पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या आसपास सगळं मिळतं: रिलीमेट नावाच्या कनेक्टरचे दोन, तीन, चार पिनांचे जोड, ७/३६ ची (३६ गेजच्या सात तारांची) मल्टिस्ट्रँड वायर निदान सहा रंगांत, माइकसाठी शिल्डेड केबल, अँटेनासाठी आरजी-१७४ ही बारीक कोअॅक्सिअल केबल, हीट श्रिंक. बर्ग स्ट्रिपवर (उघड्या पिनांच्या पट्टीवर) नुसत्या जंपर वायरी खोचून सेट कायमचा बंद करू नका. टेबलावर चालतं, पण स्कूटरवर मागे बांधून सिंहगडावर नेलात की वर पोचेपर्यंत दोन वायरी निघालेल्या असतात. अँटेनासाठी बीएनसी कनेक्टर घेताना ५० ओहमचा मागा. दुकानदार सीसीटीव्हीवाला ७५ ओहमचा हातात देईल. ७ मेगाहर्ट्झवर त्याने आभाळ कोसळत नाही, पण त्याच पैशात बरोबर वस्तू मिळत असेल तर चुकीची का घ्यायची?

नावं देणं

एक नवी वही किंवा जाड कागद घ्या. बोर्डावर जे नाव छापलं आहे ते तसंच उतरवा. स्वतःची नावं लादू नका. कुठे ‘जे’ (J) असेल, कुठे ‘सीएन’ (CN), कुठे नुसतं ‘स्पीकर’. ज्याला नाव नाही त्यालाच तुम्ही द्या.

रूढ पद्धतीत जागेवर पक्का असलेला कनेक्टर म्हणजे ‘जे’, आणि त्यात येऊन बसणारा, वायरीच्या टोकाचा कनेक्टर म्हणजे ‘पी’ (P). नर-मादीशी याचा संबंध नाही. पिना बाहेर आलेल्या असोत की भोकं असोत, बोर्डावर बसलेला तो जे. बोर्डावरच्या जे५ मध्ये जाणारा प्लग पी५ आणि दुसऱ्या कुठल्याही क्रमांकाचा नाही. पिनेसाठी ‘जे५-३’ असं लिहा. फोनवरून कोणाला मदत मागताना ‘ती माइकची निळी वायर’ म्हणण्यापेक्षा ‘जे५-३’ म्हटलं की निम्मं बोलणं वाचतं.

वायरीचा रंग हे नाव नाही. तयार रिलीमेट वायरी मिळतात त्यांत एकाच दुकानातल्या दोन तुकड्यांत लाल वायर वेगवेगळ्या टोकांना असते. दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली तयार केबल तर आणखी फसवी: काहींत पिन १ समोर पिन १ येते, काहींत शेवटची. मल्टिमीटर लावल्याशिवाय तयार केबल बोर्डात घालायची नाही. यावर मी वाद घालत नाही.

पिन १ नेमकी कुठे

बाकीची सगळी कामं एका बाजूला आणि हे एका बाजूला. मीही इथे पुष्कळ अडलो आहे, म्हणून सावकाश सांगतो.

कनेक्टरची कुठलीही आकृती कुठल्या तरी बाजूने पाहून काढलेली असते, आणि ती बाजू कोणती हे निम्म्या आकृत्यांवर लिहिलेलंच नसतं. पॅनेलवरच्या सॉकेटकडे समोरून पाहिलं आणि पिन १ डावीकडे दिसली, तर त्याच सॉकेटच्या मागून, जिथे सोल्डर करायचं तिथून, ती उजवीकडे दिसते. प्लगचं याच्या उलट. त्याच्या तोंडाकडून पाहिलं तर पिन १ उजवीकडे, सोल्डरच्या बाजूने डावीकडे. म्हणजे सॉकेट समोरून आणि प्लग मागून हे एकच चित्र. सॉकेट मागून आणि प्लग तोंडाकडून हे दुसरं. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आकृतीवर बाजू लिहिलेली नसेल तर ती आकृती नाहीच असं समजा.

उलटं जोडलं की लगेच कळेल, असं वाटत असेल तर हे उदाहरण पाहा. चार पिनांचा माइक कनेक्टर: १ माइक, २ ग्राउंड, ३ पीटीटी (बोलताना दाबून धरायचं बटण), ४ वर ८ व्होल्ट. आरशातल्यासारखा उलटा जोडला. पीटीटीचं बटण दोन आणि तीनच्या मध्ये आहे, आणि उलटल्यावरही ते दोन आणि तीनच्या मध्येच राहतं. बटण दाबलं की रिले टिक वाजतो, सेट ट्रान्समिटमध्ये जातो. आपण खूश, जोडणी बरोबर! माइकची कॅप्सूल मात्र आता ८ व्होल्ट आणि पीटीटीच्या मध्ये लोंबकळते आहे, आवाज काही जात नाही. मग लोक काय करतात? माइक मेला म्हणतात, नवा आणतात, तोही ‘मेलेला’ निघतो, मग ऑडिओ अँप्लिफायर बदलायला घेतात. एक भाग चालला म्हणून जोडणी बरोबर, हा निष्कर्ष कधीच काढू नका.

तीन पिनांच्या कनेक्टरमध्ये उलटलं तरी मधली पिन मधेच राहते. व्हॉल्यूमच्या पॉटला त्यामुळे फार तर आवाज उलट्या दिशेने वाढतो. पण मधे ग्राउंड आणि एका टोकाला १२ व्होल्ट असलेल्या कनेक्टरला हीच उलटापालट महागात पडते.

गोल, एव्हिएशन म्हणून विकल्या जाणाऱ्या मेटल कनेक्टरवर प्रत्येक पिनेजवळ बारीक आकडा कोरलेला असतो. भिंग घ्या, मोबाइलचा कॅमेरा मोठा करा, काहीही करा, पण तो आकडा वाचा. मिळालेल्या चित्रापेक्षा धातूवरचा आकडा खरा. आरजे४५ च्या माइक जॅकला खटका वर धरून मोजलं की खाली धरून मोजलं यावर पिन १ इकडची तिकडे जाते, तेव्हा वहीत ‘खटका खाली’ असं शब्दांत लिहा. दोन ओळींच्या एफआरसी (चपट्या रिबन केबलच्या) कनेक्टरमध्ये लाल पट्टीची वायर म्हणजे १, आणि आकडे एका ओळीतून समोरच्या ओळीत उड्या मारत जातात: १ च्या समोर २, मग ३ च्या समोर ४. आयसीच्या पायांसारखे गोल फिरत नाहीत. ही सवय मोडायला वेळ लागतो.

बोर्डावर पिन १ चं पॅड बहुधा चौकोनी असतं किंवा शेजारी छोटा त्रिकोण छापलेला असतो. बहुधा म्हणजे नेहमी नाही.

म्हणून मीटर. बोर्डाला काहीही न जोडता, पॉवर नाही, स्पीकरही नाही, मीटर बझरवर (प्रोब एकमेकींना जोडल्या गेल्या की वाजतो त्या जागी) ठेवा. काळी प्रोब बोर्डाच्या पक्क्या ग्राउंडवर, म्हणजे अँटेना कनेक्टरच्या बाहेरच्या कड्यावर. लाल प्रोब एकेका पिनेवर. वाजली ती ग्राउंड. स्पीकर जोडलेला राहिला तर आठ ओहमलाही बझर वाजतो आणि तुम्ही चकता. अँटेना किंवा व्हीएफओसारख्या (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या भागाच्या) आरएफच्या, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या, कनेक्टरवर ही युक्ती वापरू नका: तिथे पिन एखाद्या कॉइलमधून किंवा ट्रान्सफॉर्मरमधून जमिनीला जात असली तरी मीटरला ती ग्राउंडच वाटते.

ग्राउंड सापडली की उरलेल्यांसाठी आयसीकडून मागे या. छोट्या बोर्डांवर ऑडिओला हमखास एलएम३८६ असतो. त्याचा पाय ४ ग्राउंड, ६ सप्लाय, ५ आउटपुट. पाय ५ पासून मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरपर्यंत आणि त्याच्या पलीकडच्या टोकापासून कनेक्टरपर्यंत बझर लावत गेलात की स्पीकरची पिन मिळाली. ७८०५ दिसला तर छपाई समोर आणि पाय खाली धरून डावीकडचा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवीकडचा ५ व्होल्ट. दोन-तीन आयसींवरून बोर्डाची निम्मी रचना कळते. छापलेल्या नावाशी मीटर जुळला नाही तर मीटर खरा.

एका कनेक्टरची नोंद माझ्या वहीत अशी असते:

जे५ / पी५, माइक. रिलीमेट, ४ पिन. बोर्ड वरून पाहिला, अँटेना उजव्या हाताला. पिन १ चौकोनी पॅड, अँटेनापासून लांबची.
जे५-१ माइक, आत. शिल्डेड केबलची आतली वायर.
जे५-२ ग्राउंड. केबलची शिल्ड.
जे५-३ पीटीटी, आत. ग्राउंड केलं की ट्रान्समिट.
जे५-४ ८ व्होल्ट, बाहेर. वापरत नाही, वायर लावायची नाही.

‘आत’ आणि ‘बाहेर’ नेहमी बोर्डाच्या बाजूने. बोर्डात शिरतं ते आत. माइकवाल्याच्या दृष्टीने काय, पॅनेलच्या दृष्टीने काय, हे प्रश्नच येऊ द्यायचे नाहीत.

टीएक्स: कोणाचं आणि कसलं

बोर्डावर ‘टीएक्स’ छापलेलं दिसलं की थांबा. ती ट्रान्समिटच्या वेळी १२ व्होल्ट बाहेर देणारी पिन असू शकते, ट्रान्समिट सुरू करायचा हुकूम आत घेणारी असू शकते, किंवा नॅनोच्या सीरियल पोर्टची डेटा बाहेर सोडणारी. तिन्ही एकाच सेटमध्ये सुखाने नांदतात. पहिलीला चुकून ग्राउंडशी जोडणारं बटण लावलंत तर सप्लाय शॉर्ट. नॅनोच्या पिनेवर १२ व्होल्ट गेले तर नॅनो गेला. वहीत ‘टीएक्स’ एवढंच कधी लिहू नका. ‘टीएक्सला १२ व्होल्ट, बाहेर’, ‘पीटीटी, आत’, ‘सीरियल डेटा, बाहेर’ असं पूर्ण लिहा. सीरियलमध्ये एकाचं टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जातं. नावं जुळवून जोडणारे तिथेही अडकतात.

वायरी

पॉवरची वायर जाड. सात वॅट बाहेर आणि निम्म्याच्या आसपास कार्यक्षमता धरली तर १२ व्होल्टवर शेवटचा टप्पाच सव्वा अँपिअर ओढतो. पाऊण चौरस मिलिमीटरची घ्या, २ अँपिअरचा फ्यूज घाला, आणि फ्यूजच्या पुढे बोर्डाच्या बाजूला १एन५४०८ डायोड प्लस आणि मायनसच्या मधे उलटा, पट्टी प्लसकडे. पोलॅरिटी चुकली तर फ्यूज जातो, बोर्ड वाचतो. सिरीजमध्ये डायोड लावायचा सल्ला मला पटत नाही. व्होल्टेज फुकट खातो. बिटएक्स४० मध्ये आयआरएफ५१० ला वेगळा पुरवठा देण्याची सोय आहे. तो कनेक्टर पहिल्या दिवशी रिकामा ठेवा. आयआरएफ५१० चा पत्रा म्हणजे त्याचं ड्रेन, तिथे सप्लायचा व्होल्टेज असतो, तेव्हा हीटसिंक कॅबिनेटला टेकणार असेल तर मधे मायका हवा.

माइकच्या इलेक्ट्रेट कॅप्सूलला दोन पॅड असतात. ज्याची तांब्याची रेघ बाहेरच्या डब्यापर्यंत जाते ते ग्राउंड. पीटीटीची परतीची वायर वेगळी घ्या, माइकच्या शिल्डवरून आणू नका. सॉकेटमध्येच माइक आणि ग्राउंडच्या मधे १०२ लिहिलेला डिस्क कपॅसिटर लावा. बोलताना आवाज घोगरा होऊन ट्रान्समिटर शिट्टी मारायला लागला तर आधी इथेच बघायचं.

स्पीकर आणि पॉटच्या वायरी कशाही न्या, अँटेनाच्या केबलपासून लांब. एवढंच.

चालू करताना

पहिल्यांदा सप्लायच्या प्लसमध्ये दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा दिवा सिरीजमध्ये घाला. दिवा लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे; बंद करा आणि वही उघडा. जेमतेम लालसर किंवा विझलेलाच राहिला तर ठीक. मग एकेक कनेक्टर काढलेला असतानाच पिनांवरचे व्होल्टेज वहीशी ताडून बघा आणि त्यानंतरच प्लग लावत जा, प्रत्येक वेळी सप्लाय बंद करून. सगळे एकदम लावायची घाई झाली असेल तर उद्या करा.

रिसीव्हर ऐकू आला की दिवा काढा, अँटेनाच्या जागी डमी लोड (ट्रान्समिटरची पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा आणि मगच शेवटच्या टप्प्याचा पुरवठा जोडा. एक किलोओहमचे अर्ध्या वॅटचे वीस रेझिस्टर पॅरलल केले की ५० ओहम, १० वॅट. पांढरे सिमेंटचे रेझिस्टर घेऊ नका. आत तार गुंडाळलेली असते, आरएफला ती कॉइल वाटते. खऱ्या अँटेनावर बोलायला हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना लागतो, आणि आपल्याकडे हा बँड ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ एवढाच आहे. डायल त्यापुढे फिरते म्हणून पुढे जायचं नाही.

ट्यूनिंगचा नॉब उलटा फिरत असेल तर ट्यूनिंगच्या पॉटच्या किंवा एन्कोडरच्या दोन टोकांच्या वायरींची अदलाबदल करा, मधली तशीच राहू द्या. आणि ही अदलाबदल वहीत त्याच वेळी लिहा, झाकणाचे स्क्रू घट्ट करण्याच्या आधी.