बोटीच्या इंजिनाचा लाल दिवा लागला तर

मी पवनीकडचा मिस्त्री. ट्रॅक्टर आणि विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात हात बसला, मग गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर सवारी नेणाऱ्या बोटींची कामं यायला लागली. या बोटींना डिझेल इंजिन पोटातच बसवलेलं असतं. ट्रॅक्टरचा दिवा लागला तर कास्तकार धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उतरून मला फोन लावतो. बोटवाल्याला उतरायला धुरा नाही, आणि पाठीमागं दहा-पंधरा माणसं बसलेली असतात. म्हणून हे लिहितो.

आधी रोजची एक सवय. चाबी फिरवा, इंजिन चालू करू नका. तेलाच्या कुपीचा आणि बॅटरीचा, दोन्ही दिवे लागले पाहिजेत. इंजिन धरलं की काही सेकंदांत दोन्ही विझतात. चाबी फिरवूनही दिवा लागतच नसेल, तर बल्ब गेला किंवा वायर तुटली. अशी बोट सवारी घेऊन काठावरून हलवू नका, कारण खरी बिघाडी झाली तरी तो दिवा सांगणार नाही.

चालत्या बोटीत कोणताही दिवा लागला तर गियर न्यूट्रल करा आणि नांगर तयार ठेवा. धरणाच्या पाण्यात बुडालेल्या झाडांची खोडं उभी आहेत, वाऱ्यानं बोट त्यांच्यावर जाते.

तेलाचा दिवा असेल तर विचार न करता इंजिन बंद. आधी इंजिन, मग नांगर. दहा मिनिटं थांबून तेल इंजिनाच्या तळाशी उतरू द्या, मग तेल मोजायची काडी पुसून पुन्हा घाला आणि पाहा. पातळी खाली गेली असेल तर बोटीच्या बुडात हात घाला, बोटाला काळं तेल लागतं का बघा. तेल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर आत पाणी शिरलंय. पातळ झालं, पातळी उलट वाढली आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल उतरतंय. दोन्हीत इंजिन पुन्हा चालू करायचं नाही, बोट ओढूनच काठाला आणायची.

तेल बरोबर दिसलं तर चाबी चालू ठेवून प्रेशर स्विचची, म्हणजे तेलाचा दाब कमी झाला की दिवा लावणाऱ्या स्विचची वायर काढा. तरीही दिवा लागलेलाच राहिला तर ती वायर कुठंतरी इंजिनाच्या लोखंडाला घासून अर्थ होतेय. विझला तर वायर ठीक आहे, एवढंच कळलं. स्विच खराब आहे की प्रेशरच नाही, हे स्विच काढून त्या भोकात प्रेशर गेज लावल्याशिवाय कळत नाही. इथं मी स्वतः चुकलो आहे. एका बोटवाल्याचा फोन आला, आधी एकदा त्याचा स्विचच गेला होता, म्हणून मी बोललो, ‘वायर काढून ये हळूहळू.’ ऑइल फिल्टरचं वायसर सरकलं होतं, सारं तेल बुडात सांडलं होतं. वीस मिनिटांत इंजिन जाम झालं. बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलं होतं, तो निळा पडलेला क्रँक मी दुकानात खिळ्याला टांगून ठेवला आहे. फोनवर काडी पाहायला सांगायला मला एक मिनिट लागलं असतं.

तापमानाचा दिवा आमच्या पाण्यात सगळ्यात जास्त लागतो, आणि दहातल्या आठ वेळा कारण इकॉर्नियाच असतं. नाग नदी नागपूरचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते, आणि त्या पाण्यावर ही जलपर्णी माजते. इंजिन थंड करायला पंप बोटीखालून पाणी ओढतो, त्यासोबत तिची काळी केसाळ मुळं जाळीत येऊन बसतात.

हा दिवा लागला की इंजिन लगेच बंद करू नका. आयडलवर ठेवा आणि मागं वाकून धुराडं पाहा. धुरासोबत पाण्याचे थुकथुक फवारे येत असतील तर एक-दोन मिनिटं तसंच फिरू द्या, काटा खाली येतो का बघा. फवारा नसेल, नुसताच पांढरा धूर आणि वाफ असेल, तर बंद करा. रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावू नका, आतलं उकळतं पाणी तोंडावर येतं.

मग बुडाचा कॉक, म्हणजे बाहेरचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद करून जाळी काढा, मुळं ओढून स्वच्छ धुवा. झाकण बसवताना रबरी रिंग पाहा. ती दुमडली असेल तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो, आणि जाळी साफ असूनही माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. कॉक उघडायला विसरू नका, हे सुद्धा घडतं.

जाळी साफ आणि तरीही पाणी नाही, तर कॉक पुन्हा बंद करून पंपाचं झाकण खोला. आत रबरी पात्यांचं चाक असतं, त्याला आम्ही इम्पेलर म्हणतो. पाणी न मिळता थोडा वेळ फिरलं की त्याची पाती तुटतात. नवं घालताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस लावू नका, रबर फुगतं. आणि जुन्या चाकाची पाती मोजा. दोन कमी असतील तर ती दोन पुढच्या होजच्या वळणात किंवा कूलरच्या तोंडाशी अडकलेली सापडेपर्यंत काम झालं असं समजू नका. नवं चाक घातलं तरी ते तुकडे पाणी अडवून बसतात.

इंजिन लवकर धरत नसेल तर कॉक बंद ठेवूनच स्टार्टर मारा. नाहीतर पंप पाणी सायलेन्सरात भरत राहतो आणि ते उलटं सिलेंडरात चढतं. धरलं की लगेच कॉक उघडा.

बॅटरीच्या दिव्याला लोक हलकं घेतात. तो लागला की आधी अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, फिरवणारा पट्टा पाहा. बऱ्याच इंजिनांत तोच पट्टा आतलं पाणी फिरवणारा पंपही चालवतो, म्हणजे तो तुटला तर पाठोपाठ तापमानाचा दिवा येणारच. पट्टा तुटला असेल तर बंद करून बदला. शाबूत असेल तर मीटर लावा: बंद इंजिनावर 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू असताना 13.8 ते 14.4. चालूतही 12 वरच राहिला तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. तरी डिझेल इंजिन चालत राहतं, सरळ काठाला या. फक्त इंजिन चालू असताना ‘तपासायला’ म्हणून बॅटरीची वायर काढू नका, अल्टरनेटरचे डायोड उडतात.